पोवळ्यातले बिऱ्हाडकरू

पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते मंगळाची अंगठी, नाहीतर आजीच्या गळ्यातली लाल मण्यांची माळ. आणि खेकडा, कोळंबी म्हटलं की रस्सा! माझं तर माहेर रत्नागिरीकडचं. कुर्लीचे डेंगे फोडतच मी लहानाची मोठी झाले. पण मैत्रिणींनो, आज ज्या खेकड्यांविषयी मी सांगणार आहे, ते रस्स्याच्या कामाचे नाहीत. बहुतेक सगळे बोटाच्या नखात मावतील एवढेच. आणि ते राहतात ते पोवळंही अंगठीतलं नव्हे. उबदार, उथळ समुद्रात असंख्य चिमुकले जीव चुन्याची घरं बांधत जातात, एकावर एक, पिढ्यान्‌पिढ्या. त्यातून झुडपांसारखी, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी जी वस्ती उभी राहते, ते हे प्रवाळ.

मी काही शास्त्राची पदवीधर नव्हे. बी. ए. ला माझा विषय इतिहास. अर्धा दिवस शाळेत मुलांना शिकवते, उरलेला दिवस घरचा. अंदमानला पहिल्यांदा गेलो तेही चारचौघांसारखेच, सेल्युलर जेल पाहायला. सावरकरांची कोठडी पाहिली, डोळे भरून आले आणि मग मुलांच्या हट्टापायी बोटीने हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप झालं आहे. तिथे कमरेएवढ्या पाण्यात चष्मा लावून मी डोकं खाली घातलं, आणि पुन्हा वर काढायलाच तयार होईना. ‘हे’ काठावरून हाका मारून थकले!

घरी परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. नगरपालिकेच्या तलावावर बायकांच्या वेळेत पोहायला शिकू लागले आणि शाळेच्या पगारातले थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकू लागले. वय चौतिशीचं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, खेकड्यांचे फोटो काढायला समुद्राच्या तळाशी कशाला जायला हवं? बाजारात काय कमी आहेत?” मीही हसले. पण डबा काही फोडला नाही. दुसऱ्या खेपेला पाण्याखाली श्वास घेऊन उतरण्याचा चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि तिसऱ्या खेपेला हातात कॅमेरा घेतला. कोवळ्या प्रवाळाच्या शेजारी आधी स्वतःला सावरता आलं पाहिजे, कॅमेरा मागाहून. एक लाथ चुकून लागली तर कित्येक वर्षांची वाढ मोडते.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो जलाभेद्य पेटीत घालतात. पेटीला आपल्या कुकरसारखीच रबरी रिंग असते. त्या रिंगेवर एखादा केस जरी अडकला, तरी पाणी आत शिरून कॅमेरा गेलाच म्हणून समजा. आता सांगा, रिंग सांभाळण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवायला हवं का? पाण्यातून वर आलं की सगळी पेटी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. मीठ वाळलं तर बटणं धरतात.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी सर्वात आधी तांबडा रंग खाऊन टाकतं. आठ-दहा मीटर खाली माझी लाल बांगडी काळपट दिसते. म्हणून जवळून दिवा लागतो. तोही बाजूने टाकायचा, समोरून नाही. नाहीतर पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. इतक्या जवळून फोटो घेताना स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. म्हणून नेम धरायचा डोळ्यावर. कोळंबीचे डोळे देठावर असतात. ते स्पष्ट आले की चित्र जिवंत होतं. श्वास मात्र रोखून धरायचा नाही, तो पाण्याखालचा पहिला नियम. संथ श्वास घ्यायचा आणि एका जागी राहायचं.

खरी गंमत या एका जागी राहण्यातच आहे. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. फांद्या, फांद्या आणि सावल्या. मग एक सावली हलते.

पाटाएवढ्या एका झुडपावर मी एकदा चाळीस मिनिटं काढली. फांद्यांच्या बेचक्यात राखणदार खेकड्यांचं जोडपं होतं. त्यांना शास्त्रज्ञ ट्रॅपिझिया म्हणतात. एका झुडपात बहुधा एकच नर आणि एकच मादी. तिसऱ्याला थारा नाही. प्रवाळाच्या अंगावरचा चिकट द्रव हे त्यांचं अन्न. पण फुकटचे भाडेकरू नव्हेत ते. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा चालून आला की हे नखाएवढे खेकडे त्याचे पाय चिमटतात, काटे ओढतात आणि पुष्कळदा त्याला परत पाठवतात. शिवाय झाडलोट! पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटावर काही संशोधकांनी प्रवाळाच्या तुकड्यांतून हे खेकडे काढून पाहिले. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. गाळ साचत गेला आणि महिन्याभरात त्यातले बरेचसे तुकडे मेले. खेकडे होते ते सगळे जगले. वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. रोज पुसलेली फरशी कोणाला दिसत नाही. पुसायची राहिली की मात्र दिसते.

समुद्रफुलाच्या झुबक्यात शेपटी वर करून ठुमकणारी कोळंबी पाहिली. दुसरी तर काचेची केल्यासारखी आरपार, पोटाखाली अंडी धरून. आपल्या बाजारातली कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते. ही मात्र पिल्लं बाहेर पडेपर्यंत सांभाळते.

पण माझ्या मनात घर केलं ते एका गाठीने. एका फांदीच्या टोकाला सुपारीएवढी फुगलेली गाठ होती, तिला बारीकशा फटी. वाटाड्याने खूण केली, मी दिवा धरला. आत काहीतरी हललं. ती हॅपॅलोकार्सिनस जातीची खेकडीण. कोवळी असताना ती फांदीच्या टोकाशी येऊन बसते. तिच्या बसण्याने, पाणी हलवण्याने फांदी तिच्याभोवती वाढते आणि हळूहळू वरून मिटते. मग ती जन्मभर आतच. फटीतून येणाऱ्या पाण्यावर जगते, अंडी तिथेच, सगळं तिथेच. नर तिच्याहून कितीतरी लहान आणि बाहेर मोकळा. तो फटीतून येतो-जातो.

तो फोटो मी शाळेत नेला होता. फटीत एक पिवळसर ठिपका, बस्स. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, ती कधीच बाहेर येत नाही?” मी म्हटलं, नाही. “मग ती बाहेरचं काय बघते?” मी तिला सांगितलं ते शास्त्राचं. तिला आत सुरक्षित वाटतं, मासे पोचू शकत नाहीत. मुलगी म्हणाली, “पण ते तिला कोणी विचारलंय?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खेकड्यांच्या मनातलं आपण काय सांगणार? पण त्या दिवशी घरी आल्यावर मी पैशांच्या डब्यात नेहमीपेक्षा जरा जास्त टाकले एवढं खरं.

आता एक कडू गोष्ट. त्याच सफरीत आमच्यापैकी एका पाहुण्याला राखणदार खेकडा उघड्यावर हवा होता, फांद्यांआड नको. वाटाड्याने लोखंडी कांडी काढली आणि झुडपात खुपसून ढोसू लागला. खेकडा बाहेर आला. चित्र सुरेख दिसत होतं. मी कॅमेरा खाली केला. तेवढ्यात एक फांदी कट्‌कन तुटली. बोटीवर आल्यावर मी त्याला विचारलं. तो खालच्या मानेने म्हणाला, “ताई, फोटो मिळाला नाही तर लोक नाराज होतात.” त्याचं पोट त्यावर आहे, हे मला कळतं. म्हणून सांगते, रागवायचं ते आपण मागणाऱ्यांवर. पाहुण्यांनी आधीच सांगितलं की “हात लावू नका, दिसलं तेवढं पुरे,” तर कांडी खिशातच राहते. पुढच्या दिवशी मी तसं सांगितलं आणि तोच वाटाड्या निवांतपणे मला एकेक बिऱ्हाड दाखवत गेला. मासे आणि समुद्रघोड्यांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळलं. फ्लॅशपेक्षा त्यांना हात लावणं, हलवणं जास्त जाचतं.

आणि कांडीपेक्षा मोठं संकट आहेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसरा अंशच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि लवकर सावरलं नाही तर मरतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं. अशा एका मेलेल्या, शेवाळ चढलेल्या झुडपापाशी मी बराच वेळ थांबले. रचना तीच, बेचकी त्याच. राखणदार एकही नव्हता. घर नुसत्या भिंतींचं नसतं, हे पाण्याखालीही खरंच म्हणायचं.

तुम्हीही कधी जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. पोहायला आधी शिका, आणि दम्याचा वा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल उतरू नका. अंगाला भरमसाट मलम थापण्याऐवजी लांब बाह्यांचा पोषाख घाला. हात छातीशी, पाय तळापासून वर. शंख-प्रवाळ पिशवीत घालून आणू नका. प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे आणि काचेच्या कपाटात ठेवलं तरी त्यातले बिऱ्हाडकरू काही यायचे नाहीत.

आणि जाणं नसेल जमणार, तरी गावात तलाव असेल तर बायकांची वेळ कोणती, एवढं तरी विचारून या. तिथे चौकशी करायला पैसे पडत नाहीत. सासूबाईंचं म्हणाल, तर मी परवा पोहायला निघाले तेव्हा त्यांनी आपणहून कुकर लावायला घेतला. म्हणाल्या, “जा तू. आणि पुढच्या खेपेला त्या कोंडलेल्या बाईचा जरा मोठा फोटो आण. मला चष्म्यातून नीट दिसत नाही.”