उजव्या पंखावरून डावा

पडलेले विमान पुन्हा बांधायचे, तर पहिले काम वेचण्याचे. बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड. नखाने दाबले तरी खळगा पडतो. त्याचे मोडके तुकडे पाहून ते केरात टाकावेत असेच कोणालाही वाटेल. परंतु ज्या विमानाचा आराखडा उरलेला नाही, त्याचा आराखडा त्या तुकड्यांतच असतो. आमचे रेडिओवर चालणारे विमान माझ्या थोरल्या भावाने बांधले होते, आणि तो गेल्यावर त्याच्या कागदपत्रांत आराखडा कोठेही सापडला नाही. गेल्या वर्षी पुतण्याच्या हातून ते मिठागराच्या बांधावर कोसळले. नाक चेपले, डावा पंख मोडला, उजवा शाबूत राहिला.

असे का घडते, हे या छंदातील प्रत्येकास ठाऊक आहे. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर दांडी डावीकडे नेली की ते आपल्या डावीकडे वळते. तेच वळून आपल्याकडे येऊ लागले, की त्याचे डावे ते आपले उजवे होते. हात चुकतो, घाबरून तीच दांडी अधिक दाबली जाते, आणि तेवढ्यात जमीन येते. जाणकार सांगतात, समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख झुकलेला दिसेल त्या बाजूला दांडी न्यावी, जणू पंखाला टेकू द्यावा तशी. मुलाला हे पाठ होते. ते अजून त्याच्या बोटांत उतरले नव्हते, इतकेच.

"भावोजी, जोडा, पण उडवू नका," वहिनी म्हणाल्या. "कपाटात राहू दे." हा प्रश्न आधीच सोडवणे भाग होते. कपाटात ठेवायचे असेल तर भेगांत लांबी भरून वर रंग दिला की झाले. उडवायचे तर डिंकाच्या प्रत्येक थेंबाचे वजन मोजावे लागते. मी त्यांना राइट बंधूंची गोष्ट सांगितली. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरचे उड्डाण साडेतीन सेकंदांत वाळूत संपले. दुरुस्ती करून १७ तारखेला ऑरविल उडाला. पण त्याच दिवशी, चौथ्या उड्डाणानंतर, वाऱ्याने ते विमान उलटवले आणि पुन्हा ते कधीच उडाले नाही. आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तेच तर मी म्हणते."

पुतण्या मात्र उडण्याच्याच हिशेबाने कामाला लागला. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पंखात प्रत्येक फासळी निराळ्या मापाची असते. डाव्या पंखाची मापे उजव्यातच मिळणार होती, पण त्यासाठी वडिलांनी चढवलेली, सुरकुती नसलेली फिल्म फाडावी लागणार होती. दोन दिवस त्याने पातीला हात लावला नाही. मग एका सकाळी कापली. आत प्रत्येक फासळीवर भावाच्या अक्षरात पेन्सिलीने आकडा होता, आणि मुख्य पट्टीवर पूर्ण विमानाचे वजन लिहिलेले होते : १ किलो ६४० ग्रॅम.

पुठ्ठ्यावर फासळ्या गिरवून, उलटवून, त्याने डाव्या बाजूच्या कापल्या. मोडलेली पट्टी लांब तिरका काप देऊन सांधली; आखूड सांध्याला डिंक धरायला जागाच मिळत नाही. नाकाने सर्वांत छळले. इंजिनाच्या इंधनात मिथेनॉलबरोबर एरंडेल असते, ते वर्षानुवर्षे लाकडात मुरते, आणि तेलकट लाकूड डिंक घेत नाही. तो भाग कापून नवे प्लायवूड बसवावे लागले. नाक त्यामुळे जड झाले. समतोलासाठी भावाने तेथे पूर्वी शिशाचा एक तुकडा चिकटवला होता, तो आम्ही तसाच परत बसवला होता.

फिल्म चढवायच्या दिवशी वहिनींनी घरची इस्त्री आणली आणि, कोणी न विचारता, दोन्ही पंखांवरून मंद आचेने स्वतः फिरवली. त्याआधी पुतण्याने नव्या फासळ्यांवर आपल्या अक्षरात आकडे घातले होते. ते त्यांनी वाचले, बोलल्या काहीच नाहीत. नंतर स्वयंपाकघरातील काट्यावर विमान ठेवले.

"एक किलो सहाशे नव्वद," पुतण्या म्हणाला.

वहिनींनी पंखाखाली दोन बोटे धरून विमान उचलले. नाक खाली गेले.

"शिसे काढा," त्या म्हणाल्या.