घोडा पुढे की माणूस?

वेल्समधल्या लानूर्टिड वेल्स या गावाचे नाव धड उच्चारण्यातच आमचा निम्मा प्रवास सरला. उरलेल्या निम्म्यात सौभाग्यवतींशी पैज लागली. जूनमध्ये येथे माणूस आणि घोडा यांची शर्यत होते. मी अर्थातच माणसाच्या बाजूचा, त्या घोड्याच्या!

शर्यत जन्मली तीही वादातूनच. गावच्या ‘नेयाद आर्म्स’ या मद्यगृहाचे मालक गॉर्डन ग्रीन यांच्या कानांवर गिऱ्हाइकांचे बोलणे पडले. डोंगराळ मुलखात, लांबच्या पल्ल्याला सरस कोण? १९८० साली त्यांनी हा वाद रानातच सोडवायला घेतला.

पल्ला सुमारे बावीस मैलांचा. चढ, उतार, ओढे आणि चिखल. माणसे आधी सुटतात, घोडे पंधरा मिनिटांनी. तेवढा वेळ मग हिशेबात धरतात. घोड्याला हरवायला धावपटूंना २००४ साल उजाडावे लागले. तोवर न जिंकलेले बक्षीस साठत साठत २५,००० पौंडांवर गेले होते. ह्यू लॉब याने ते २ तास ५ मिनिटे १९ सेकंदांत पळवले. (१९८९ साली एका सायकलस्वाराने घोड्यांना मागे टाकले होते, पण चाकांचा विजय तो काय विजय!) पुढे २००७, २०२२ आणि २०२३ सालीही माणूसच पुढे आला.

वेगात आपण घोड्यापुढे काहीच नव्हे. आपले बळ घामात आहे. कुत्रा धापा टाकून अंग निववतो, आणि भरधाव पळताना त्याला ते नीट साधत नाही. घोड्याला घाम येतो, पण त्याचा देह अवजड. आपले अंग उघडे, त्यावरचा घाम वाऱ्याने झटकन सुकतो. ऊन तापले की घोडा आपल्यापेक्षा अधिक मंदावतो, हे या शर्यतींच्या नोंदींतही दिसते.

वाटेत पशुवैद्य घोडे तपासत होते. एका तांबूस घोडीची नाडी काही केल्या उतरेना. तिची स्वारीण लगाम धरून गवतात उभी होती, मुकाट. तेवढ्यात गुडघा फुटलेला एक धावपटू लंगडत पुढे गेला. त्याची नाडी पाहायला कोणी नव्हते.

“त्यालाही थांबवा की हो कुणीतरी!” सौभाग्यवती म्हणाल्या.

पैजेचा विषय परतीच्या गाडीत कोणीच काढला नाही.