पेढीची रक्कम आणि दिवाणजींचे पाकीट

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. ते मिरचीसाठी ओळखले जाते. भोवती धानाची शेते आणि त्यांपलीकडे जंगल. अशा भागात माल उचलायचा किंवा उधारी वसूल करायची, तर रोकड घेऊन कोणाला तरी रस्त्यावर निघावे लागते. हा ‘कोणीतरी’ बहुधा पेढीचा दिवाणजी असतो.

त्याला वाटेत लुटले गेले, तर लुटारू पेढीचे कोणते आणि दिवाणजींचे कोणते असा भेद करीत नाहीत. वसुलीच्या पिशवीबरोबर मोबाईल जातो, पाकीट जाते, कधी हप्त्यावर घेतलेली मोटारसायकलही जाते. पेढीवर मात्र पहिला प्रश्न येतो, ‘किती गेले?’ आणि उत्तरात फक्त पिशवीतला आकडा सांगितला जातो. दिवाणजी स्वतःचे नुकसान त्या वेळी बोलत नाही. शेठजींचे लाखभर गेले असताना आपल्या पाकिटातल्या दोन-चार हजारांचे काय सांगावे, हा संकोच त्याला गप्प ठेवतो. त्याच्या घरी मात्र तीच रक्कम मुलाच्या शुल्काची असते.

हा संकोच महागात पडतो. चोरीचा माल पुढे सापडला, तर तो कोणाचा हे मूळ फिर्यादीतील वर्णनावरून पाहिले जाते. म्हणून मोबाईलचा आयएमईआय क्रमांक, गाडीचा चेसिस क्रमांक आणि पाकिटातील रक्कम पहिल्याच दिवशी नोंदली जाणे आवश्यक असते. जप्त मुद्देमाल पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, पंचनामा व छायाचित्रे करून तो हक्कदाराच्या ताब्यात द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. पेढीचे वकील पेढीच्या रकमेसाठी तो करतातच. त्याच खेपेस दिवाणजींचाही अर्ज लिहून देणे अवघड नसते. गुन्हेगार सापडलेच नाहीत, तर गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात, अशी ‘अ’ समरी होते. गाडीच्या विम्याचा दावा करताना हा कागद उपयोगी पडतो. अर्थात केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर गेलेल्या गाडीचे काहीच मिळत नाही. पेढीने रोकड वाहतुकीचा विमा उतरविलेला असला, तरी तो पेढीच्या रोकडीचा असतो. नोकराच्या खिशाचा नव्हे.

याहून कठीण प्रसंग पगाराच्या दिवशी येतो. गेलेली रक्कम दिवाणजींच्या नावे टाकून दरमहा थोडी थोडी कापण्याची रीत काही ठिकाणी निमूटपणे चालते. ती अन्यायाची आहे आणि कायद्यालाही मान्य नाही. हवाली केलेली रक्कम नोकराच्या हयगयीमुळेच थेट गेली असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडू दिल्यानंतर. हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यात होता, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. गळ्याला सुरा लागला असता पिशवी सोडणे याला हयगय कसे म्हणावे? उलट, मालकाच्या हयगयीमुळे त्याच्या प्रतिनिधीला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम २२५ सांगते. अंधार पडल्यावर मोठ्या रकमेसह एकट्याला जंगलाच्या रस्त्याने पाठविणाऱ्याने हे कलम वाचून ठेवावे.

आणि संशय? पोलिसांना विचारपूस करावीच लागते. माहीतगाराचा हात होता का, हे तपासणे त्यांचे काम आहे. परंतु वीस वर्षे तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्याकडे पेढीतले लोकही तशाच नजरेने पाहू लागले, तर त्या नुकसानीची भरपाई कोणत्याही अर्जाने होत नाही. अशा वेळी शेठजी स्वतः ठाण्यात त्याच्या शेजारी बसले, याची बातमी बाजारात फिर्यादीच्या आधी पोहोचते.

काही जुन्या घरांत दिवाणजींची गेलेली चीजवस्तू पेढीच्या खर्ची टाकण्याची पद्धत आहे. वहीत ती ओळ लहानशीच असते. पुढच्या वसुलीला त्याच रस्त्याने त्यालाच पाठवायचे असेल, तर सोबत कोण जाणार आणि दिवस मावळण्याआधी परत कसे यायचे, हे मात्र आदल्या संध्याकाळीच ठरवावे लागते.