डावे वळण

गडहिंग्लजहून सावंतवाडीकडे निघालेला रस्ता आजऱ्यापर्यंत अगदी घरगुती वाटतो. दुतर्फा ऊस, मधूनच काजूची झाडे, आणि आजरा जवळ आला की ज्याच्या वासाची ख्याती सर्वदूर आहे त्या घनसाळ तांदळाची खाचरे. हिरण्यकेशी नदी पुन्हा पुन्हा भेटत राहते. ती पूर्वेला घटप्रभेच्या भेटीस निघालेली असते आणि प्रवासी तिच्या उगमाकडे. आजरा मागे पडल्यावर मात्र झाडी दाट होते, हवेत गारवा येतो आणि नांगरतासचा धबधबा ओलांडून आंबोलीत शिरेपर्यंत माणूस समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आलेला असतो.

या वाटेचे महत्त्व एके काळी व्यापाराचे होते. वेंगुर्ल्याच्या बंदरात सतराव्या शतकात डचांची वखार होती. पुढे इंग्रजी अमदानीत याच बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल चढू लागला आणि आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम ठरला. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची ओळख नंतरची. आज घाटातून चिऱ्यांनी भरलेले ट्रक वर येतात आणि साखर, गूळ, भाजीपाला खाली उतरतो.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी याच रस्त्याने गडहिंग्लजचे एक भुसारी व्यापारी आणि त्यांचा पुतण्या जुन्या ३५० सी.सी.च्या बुलेटवरून सावंतवाडीला निघाले होते. गाडी पुतण्याच्या दिवंगत वडिलांची. ती त्या दिवशी सावंतवाडीतील एका गृहस्थांच्या स्वाधीन करायची होती. सौदा ठरला होता, विसार आला होता.

गाडी विकण्याचे कारण पैसा नव्हते. मागच्या जुलैत घाट चढताना इंजिन एकाएकी बंद पडले आणि मागून येणारा चिऱ्यांचा ट्रक हातभर अंतरावर कसाबसा थांबला. पुतण्याच्या आईने त्या रात्री एवढेच सांगितले, की ही गाडी पुन्हा दारात दिसता कामा नये.

दोष लबाड होता. गाडी महिना-महिना तक्रार करीत नसे आणि मग अचानक झटके मारी, मिसिंग करी, क्वचित बंद पडे. दोन मिनिटांनी पहिल्याच किकला सुरू होई. गावातल्या मेकॅनिकने आपल्या परीने सगळे केले होते. प्लग बदलला, जुन्या प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी होता, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण बरोबर होते. कार्बोरेटर उघडून साफ केला, त्यात कचरा नव्हता की पाणी नव्हते. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले तर आत पोकळी धरून पेट्रोल उतरेनासे होते, म्हणून तेही पाहिले. पॉइंट घासून त्यांतील फट बसवली, कंडेन्सर नवा घातला. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर हा अशा आजारातला नेहमीचा आरोपी. पण गाडी थंड असतानाही झटके देई. शेवटी निदान झाले ते आंबोलीच्या हवेचे. जिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे विजेच्या वायरी दमट होणारच, असे सर्वांनी मान्य केले.

काकांनी हे सारे खरेदीदाराला फोनवर सांगितले होते. गाडीत दोष आहे, तो सापडलेला नाही, आणि त्यापोटी आठ हजार रुपये कमी घेऊ, असा शब्द त्यांनी दिला होता. पुतण्याला ते रुचले नव्हते. पण दुकानात लहानपणापासून बसलेल्या मुलाला त्यावर वाद घालता येत नाही हेही ठाऊक होते.

आंबोलीत चहा घेऊन दोघे घाट उतरू लागले. पावसाळा सरला होता, कड्यावरचे धबधबे बारीक धारांवर आले होते, आकाश निरभ्र होते. मोठ्या धबधब्याच्या खाली एका वळणावर इंजिन क्षणभर मुके झाले आणि लगेच सायलेन्सरमधून 'फट्' असा आवाज आला. ठिणगी तुटली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचते आणि ठिणगी परतताच तिथे पेटते; तो हा आवाज. पुढे आणखी दोनदा तसेच झाले. दाणोलीत पोहोचल्यावर पुतण्याने गाडी बाजूला घेतली.

"काका, आज पाऊस कुठे आहे? रस्ता कोरडा आहे."

"मग?"

"मला एक तास द्या. मी एकटा वर जाऊन येतो."

काकांनी घड्याळ पाहिले. वहिनींचे शब्द त्यांना आठवले असणार. "सावकाश जा. मागे ट्रक दिसला तर आधी त्याला पुढे जाऊ दे," एवढेच म्हणून ते चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसले.

ज्या तीन वळणांवर इंजिन मुके झाले होते, ती पुतण्याने नीट लक्षात ठेवली होती. चढताना तिन्ही ठिकाणी गाडीने हूं की चूं केले नाही. उलट, उतरताना जिथे काही झाले नव्हते अशा दोन वळणांवर तिने झटका दिला. तो थांबला आणि रस्त्याकडे पाहत राहिला. उतरताना जे वळण डावे असते, ते चढताना उजवे होते. झटके मिळाले होते ती पाचही वळणे, त्या त्या वेळी, डावी होती. दोष जागेचा नव्हता, हवेचाही नव्हता. हँडल डावीकडे वळण्याचा होता.

मग त्याला दुकानासमोरची गोष्ट आठवली. बाजारपेठेतून गल्लीत डावीकडे वळताना गाडी कधीकधी बंद पडे आणि सगळे म्हणत, आयडलिंग कमी ठेवले आहे.

खाली आल्यावर त्याने काकांसमोरच परीक्षा घेतली. या जुन्या बुलेटची इग्निशनची चावी आणि ॲमीटर दोन्ही पुढे दिव्याच्या घुमटीत असतात. म्हणजे ठिणगीसाठी लागणारा सगळा प्रवाह हँडलच्या मानेजवळून वायरीने पुढे जातो आणि तिथूनच मागे कॉइलकडे येतो. त्याने इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, किक हलकेच दाबून पॉइंट जुळवले. ॲमीटरची सुई ऋण बाजूला झुकली: प्रवाह वाहतो आहे. मग हँडल हळूहळू डावीकडे वळवले. टोकाला येता येता सुई थरथरली आणि शून्यावर जाऊन बसली. हँडल सरळ केले, सुई पुन्हा झुकली. काकांनी स्वतः हँडल धरून तीन-चारदा तसेच करून पाहिले. तिसऱ्या वेळी सुई हललीच नाही, चौथ्या वेळी पुन्हा पडली. (चावी अशी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते, हेही पुतण्यानेच त्यांना सांगितले.)

"म्हणजे रोकड बरोबर, खतावणी बरोबर, आणि चूक बेरीज पुढच्या पानावर ओढताना," काका म्हणाले.

सावंतवाडीत मोती तलावापासून थोड्या अंतरावर एका ऑटो इलेक्ट्रिशियनने घुमटी उघडली. पूर्वी कधीतरी रंगकामाच्या वेळी कोणीतरी वायर बदलताना ती बोटभर आखूड टाकली होती. हँडल डावीकडे गेले की ती ताणली जाई. वरचे प्लॅस्टिक शाबूत होते, म्हणून पाहणाऱ्याला ती धडधाकट दिसे. आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटल्या होत्या. दोन-तीनच उरल्या होत्या, त्याही हिरव्या पडलेल्या. कारागिराने नवी लांब वायर डाग देऊन जोडली, मानेजवळ तिला सैल वळसा दिला आणि वर नळी चढवली. हँडल दोन्ही टोकांना फिरवले, सुई जागची हलली नाही. मजुरी दोनशे रुपये झाली.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आता दोषच राहिला नाही. आठ हजार कशाचे सोडायचे?"

"तुझ्या आईला विचारून गाडी परत न्यायची असेल तर तसे आताच सांग. मी विसार परत करतो, हात जोडतो, तो माणूस समजून घेईल. विकायची असेल तर दर तोच."

पुतण्याने तलावाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले. घाटातला तो ट्रक त्यानेही पाहिला होता, पण आईने तो फक्त ऐकला होता. आणि ऐकलेला ट्रक वायर जोडून थांबत नाही.

"विकू या," तो म्हणाला.

खरेदीदाराच्या अंगणात त्याने स्वतः ॲमीटरची परीक्षा करून दाखवली, कुठली वायर बदलली ते सांगितले आणि जुन्या वायरीचा तुकडा त्यांच्या हाती दिला. पैसे मोजले गेले, कागदांवर सह्या झाल्या.

चितारआळीतून आईसाठी लाकडी फळांची परडी घेऊन दोघे उन्हे उतरताना एस.टी.त बसले. दाणोली सोडून गाडी घाटाला लागली. काकांना डुलकी लागली. पुतण्या खिडकीशी होता, आणि प्रत्येक डाव्या वळणाला त्याचा कान बसच्या इंजिनाकडे जात होता.