बेरीज का वजाबाकी?

गणिताच्या पुस्तकात राहणारी माणसे तुमच्याआमच्यासारखी नसतात. तिथला रामराव एकदम ४८ डझन केळी विकत घेतो आणि ‘एवढी केळी कशाला?’ असे त्याला घरात कोणी विचारत नाही. त्यातली १७ सडली तरी गृहस्थ शांत; शेकडा नफा काढत बसतो. शेजारच्या पानावर एका टाकीला दोन नळ असतात, एक भरणारा, एक रिकामा करणारा, आणि मालक दोन्ही एकदम सोडून ठेवतो. आमच्या मराठवाड्यात असा मालक निघाला तर गल्लीतल्या बायका उत्तर निघेपर्यंत थांबायच्या नाहीत. मग त्या दोन आगगाड्या! एक परभणीहून पूर्णेकडे निघते, दुसरी पूर्णेहून परभणीकडे. त्या कधी भेटतील? इथला मार्ग एकेरी होता तेव्हा हे उत्तर आम्ही परभणीकर तोंडी देत असू : क्रॉसिंगला भेटतील, आणि थांबलेली गाडी आपली असेल.

या मंडळींशी माझा संबंध आला तो चिरंजीव पाचवीत गेल्यावर. “तुम्ही बँकेत आहात, गणित तुमच्याकडे,” असे म्हणून सौ.ने खातेवाटप केले. बँकेतल्या माणसाला गणित येते, हा समाजाचा एक जुना समज आहे. वास्तविक हिशेब आता संगणक करतो. आम्ही फक्त तो बंद पडल्याचे गिऱ्हाइकाला सांगतो.

चिरंजीवांची बेरीज-वजाबाकी चोख होती. पाढेही पाठ. पण शाब्दिक उदाहरण समोर आले की पेन्सिल तोंडात आणि सवाल एकच, “बाबा, बेरीज का वजाबाकी?” त्याला कुठून तरी एक गुरुकिल्ली मिळाली होती. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. मी म्हटले, “तुझ्या ३ गोट्या हरवल्या आणि ५ उरल्या. आधी किती होत्या?” ‘उरल्या’ ऐकताच त्याने वजाबाकी ठोकली. उत्तर, दोन! म्हणजे गोट्या हरवल्यामुळे वाढल्या. अशा गोट्या बँकेत ठेवायला मिळाल्या तर आम्ही व्याज द्यायचे बंद करू.

हे दुखणे काही आमच्याच घरचे नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे लहान मुलांना विचारले होते : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी खटपट करून वय काढून दिले. मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, हे विचारायचे असते असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आकडे दिसले की काहीतरी करायचे, एवढेच ठाऊक.

यावरचा उपाय सौ.ने पोळ्या लाटता लाटता सांगितला. “अरे, आकड्यांवर बोट ठेव नि आधी गोष्ट सांग. कोणी काय घेतलं, कोणाला दिलं, आणि शेवटी विचारलंय काय?” आकडे झाकल्याबरोबर बेरीज-वजाबाकीची सोयच राहिली नाही. नाइलाजाने त्याने गोष्ट वाचली.

पुढचे पाऊल चित्राचे. रामरावांनी पगाराचा तिसरा हिस्सा किराण्यावर खर्च केला, ८००० रुपये उरले, तर पगार किती? चिरंजीव भागाकारापाशी दबा धरून बसले होते. मी एक लांब पट्टी काढायला लावली. तिचे तीन सारखे तुकडे. एक किराण्याचा, उरलेले दोन मिळून ८०००. एक तुकडा ४०००, तीन तुकडे १२०००. “एवढंच?” चिरंजीव म्हणाले. एवढेच. तिसरे पाऊल आधी अंदाज बांधायचे, आणि चौथे आमच्या बँकेतले. संध्याकाळी रोकड जुळवतात तसे उत्तर गोष्टीत परत घालून बघायचे. विहीर खणायला साडेतीन मजूर आले, तर कुठेतरी चुकले आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त भुंगे आहेत, हंस आहेत, साप आणि मोर आहे. आधी डोळ्यांपुढे भुंगे यावेत, मग हिशेब, असा त्यांचा बेत असावा. आम्ही भुंगे उडवून दिले आणि हिशेब तेवढा ठेवला.

पोराच्या मार्कांसाठी एवढी यातायात कशाला, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटत होते. पण मध्यंतरी माझ्या काउंटरवर एक तरुण आला. बारावी पास, घरची शेती, पेरणीसाठी ५० हजार हवेत. पीककर्जाचे कागद बघून म्हणाला, “सायेब, तुमचं व्याज सात. गावात एक जण दोननं द्यायलाय. मग तुमच्याकडं कशाला येऊ?” सातातून दोन गेले, पाच वाचले. वजाबाकी अगदी बरोबर. फक्त आमचे सात शेकडा वर्षाला होते आणि त्या गृहस्थाचे दोन शेकडा महिन्याला. वर्षाचे चोवीस! आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार, तिकडे बारा हजार. अख्ख्या उदाहरणातला ‘महिना’ हा एकच शब्द त्याने वाचला नव्हता. आणि समोरच्याने तो मोठ्याने उच्चारला नसावा.

मी पावतीच्या मागे पट्टी काढली, बारा तुकडे केले. तो बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काय काय कागद लागतेत?”

हे मी रात्री जेवताना घरी सांगितले. “गावात एक जण दोन टक्क्यांनी पैसे देतो,” एवढे बोललो मात्र, चिरंजीवांनी घास हातातच ठेवून विचारले, “दोन किती दिवसांचे?”

सौ.ने न मागता त्याच्या पोळीवर तूप वाढले. मला मागावे लागले.