नवी पाटी

'टॅबलेट' म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये पहिली आठवते ती तापावरची गोळी! सबमिशनच्या आठवड्यात तर रेक्टर सरांच्या टेबलावर तिची अख्खी स्ट्रिप असते. दुसरी टॅबलेट म्हणजे पिक्चर पाहायची. पण मित्रांनो, मला आज तिसऱ्या टॅबबद्दल लिहायचं आहे. तो पहिली-दुसरीच्या पोरांच्या हातात असतो, त्याच्या काचेवर शेंगदाण्याच्या चिक्कीचे ठसे असतात आणि त्यावर काय चालतं हे आपल्यासारख्या भावी इंजिनियरांनी एकदा तरी बघायला हवं.

मी राजुऱ्याचा. चंद्रपूरकडून निघालात की बल्लारपूर लागतं, मग वर्धा नदीचा पूल आणि पलीकडे आमचं गाव. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला कापसाची शेतं आणि जंगल. हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये मराठी मुलखात आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे आमच्याकडे बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा सगळ्या भाषा एकाच दुकानावर भांडताना ऐकू येतात. भाजीवाली तीन भाषांत भाव सांगते. शाळेत मात्र पुस्तक एकाच भाषेतलं!

माझी मावशी तालुक्यातल्या एका छोट्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, सतरा पोरं. हिवाळी परीक्षा संपवून डिसेंबरात घरी आलो तर मावशी म्हणाली, "इंजिनियर होऊन राह्यला ना तू? मग आमचे टॅब पाहून दे बरं." लोकवर्गणी आणि एका देणगीतून शाळेला आठ टॅब मिळाले होते. ते कपाटात कुलपात होते, साहेबांची व्हिजिट असली की बाहेर निघायचे. पोरं त्यावर कवितांचे व्हिडिओ पाहायची, टाळ्या वाजवायची आणि टॅब परत कपाटात.

कपाट उघडलं तर आठातले दोन फुगलेले! स्क्रीन वर उचलली गेलेली. कारण सोपं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाच्या छताखालच्या लोखंडी कपाटात फुल चार्ज केलेली लिथियम बॅटरी दीड-दोन महिने ठेवली तर तिचं दुसरं काय होणार? ती निम्मी चार्ज करून, थंड खोलीत ठेवायची असते. फुगली की तिला टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही. हे आपण थर्ड इयरला शिकतो, पण त्या कपाटापर्यंत ते कोणी पोचवलंच नव्हतं.

राहिले सहा. आता विजेचा हिशोब करू. सात इंची टॅबची बॅटरी साधारण ३००० मिलीअँपिअर-अवर, ३.७ व्होल्टची. म्हणजे ११ वॅट-अवर. सहा टॅबचे ६६, वाया जाणारी वीज धरून ९०-१००. म्हणजे छताचा पंखा सव्वा तास फिरवला तर जेवढी वीज लागते, तेवढ्यात शाळेतले सगळे टॅब चार्ज! पन्नास वॅटचं एक सोलर पॅनेल दिवसाला याच्या दुप्पट वीज देतं. तेव्हा 'खेड्यात वीज नाही म्हणून टॅब चालत नाहीत' हे कारण टिकत नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी वीज नसतानाही सौरऊर्जेवर टॅब चालवून दाखवले आणि पुढे राज्यभरातले शिक्षक त्यांच्याकडून शिकले.

मग अडतं कुठे? अडतं ते 'टॅबवर काय करायचं' इथे.

गंमत म्हणजे ही कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. ॲलन के या अमेरिकन संशोधकाने १९७२ मध्येच 'डायनाबुक' नावाच्या, मुलांनी काखेत धरून न्यायच्या संगणकाची कल्पना कागदावर मांडली होती. ते यंत्र मुलांनी काही घडवण्यासाठी असावं, असं त्याचं म्हणणं. सेमूर पेपर्ट यांनी 'लोगो' भाषेतलं कासव मुलांच्या हाती दिलं आणि १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला, की मुलाने संगणकाला शिकवावं. याच विचारातून निघालेला 'दर मुलामागे एक लॅपटॉप' हा जागतिक प्रकल्प २००७ मध्ये आपल्या महाराष्ट्रात आला, तोही कर्जतजवळच्या खैराट नावाच्या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत! त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची स्क्रीन फिरवून दुमडली की तो पाटीसारखा धरता यायचा. २०११ मध्ये 'आकाश' टॅबचा गाजावाजा झाला, तो आपल्या सीनियर्सना आठवत असेल. पण पेरू देशात असे लाखो लॅपटॉप वाटल्यावर २०१२ मध्ये अभ्यास झाला, तर गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती काही दिसली नाही. तात्पर्य काय? यंत्र वाटून शिक्षण होत नाही. विहीर खणून दिली म्हणजे पाणी शेतात पोचलं असं नाही, पाट काढावा लागतो.

तो पाट काढायचं काम मावशीने केलं, मी फक्त फावडं धरलं. तिने पोरांना सांगितलं, "आजपासून व्हिडिओ पाहायचे नाहीत, बनवायचे." तिघा-तिघांचे गट, प्रत्येक गटाला एक टॅब (एका गटात दोघंच!). काम एकच: आपल्या गावाचं पुस्तक तयार करा. फोटो काढा, बोटाने चित्र काढा, आवाज भरा.

पहिल्या दिवशी साडेपाचशे फोटो निघाले. त्यातले चारशे स्वतःच्या नाकाचे! मावशी रागावली नाही. म्हणाली, "यातले दहाच ठेवा. कोणते ते गटाने ठरवा." झालं, जी काय भांडणं सुरू झाली! हा फोटो का ठेवायचा, तो का काढायचा. पण भांडता भांडता प्रत्येकाला कारण सांगावं लागत होतं. मला तेव्हा कळलं की खरा तास तिथेच भरला होता.

चौथीच्या एका पोराने बैलगाडीच्या चाकाचा व्हिडिओ काढला. चाकाला चुन्याचा ठिपका लावला होता. गाडी चालली, ठिपका वर गेला, फिरून खाली जमिनीला टेकला. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन त्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग बाहेर जाऊन, एका टेकण्यापासून दुसऱ्या टेकण्यापर्यंत सुतळीने अंतर मोजलं. तीच सुतळी चाकाच्या आडवी लावून पाहिली आणि धावत आला, "दादा, तीनदा बसते जी, अन् वर उलीसं उरते! काऊन?" मित्रांनो, आपण पाय म्हणजे ३.१४ हे पाठ केलंय. हे 'उलीसं' आपल्यापैकी किती जणांनी हाताने मोजलंय? आता यात टॅबने काय केलं? मोजलं सुतळीने. टॅबने फक्त फिरतं चाक त्याच्यासाठी थांबवून धरलं. पण तेवढंच तर हवं होतं.

दुसरं उदाहरण जरा वेगळं आहे. दुसरीत एक मुलगी होती. घरी गोंडी. वर्गात दीड वर्षात तिचा आवाज कोणी नीट ऐकला नव्हता. 'हिला काही येत नाही' असं पोरंच नाही तर मोठी माणसंही म्हणू लागली होती. तिने टॅब घरी नेला (मावशीच्या जबाबदारीवर, आणि एक टॅब फुटला तर फुटला, असं म्हणून) आणि आजीचा आवाज भरून आणला. आजी एकेक वस्तू दाखवून तिचं गोंडी नाव सांगते, आणि नात मागून मराठी नाव सांगते. सगळी नावं बरोबर! सकाळी वर्गात ते लावलं तेव्हा शांतता पसरली. पाण्याला 'येर' म्हणतात हे मावशीला कळलं आणि या पोरीला मराठी येते हेही. तिला प्रश्न समजत होते, फक्त उत्तर द्यायला वर्गात जागा नव्हती. त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती, "याले काय म्हणते? अन् त्याले?" ती वर्गाची गोंडीची मास्तरीण झाली.

हे प्रकरण मला छोटं वाटत नाही. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. गुंजाळा गाव तर आमच्या सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं! म्हणजे कॉम्प्युटरने गोंडीला जागा दिली, पण वर्गाने द्यायची राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत शिकवताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या कोडमागे उद्या एखाद्या राजुऱ्याच्या आजीचा आवाज का असू नये?

तुम्ही म्हणाल, सहा टॅबने काय क्रांती होणार? खरं आहे. त्या शाळेचा पट सतराच आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विषय निघाला, तेव्हापासून गावाला धास्ती आहे. जंगलाच्या वाटेने सहा-सात वर्षांची पोरं दुसऱ्या गावी कशी जाणार? २०२० मध्ये राजुऱ्याच्या जंगलात 'आरटी-१' वाघाने माणसं मारली, ऑक्टोबरात त्याला पकडेपर्यंत लोक शेतात जायला भीत होते. टॅब ही शाळा वाचवेल असं मी म्हणत नाही. पण पालकांनी शाळेत येऊन आपल्याच बैलगाडीचा, आपल्याच आईचा आवाज ऐकला, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. एरवी सहीपुरते येणारे लोक तासभर बसले.

आता आपल्याबद्दल. आपल्या हॉस्टेलमध्ये ड्रॉवरमध्ये पडलेले जुने टॅब आणि फोन गोळा केले तर एक-दोन शाळांचं काम होईल. पण नुसते देऊन मोकळं होऊ नका. बॅटरी तपासा, लिपी आणि कीबोर्ड टाकून द्या. 'स्क्रॅच ज्युनिअर'सारखं, वाचता न येणाऱ्या मुलालाही चित्रांच्या ठोकळ्यांनी गोष्ट रचता येणारं, इंटरनेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर भरून द्या. आणि फायनल इयरच्या मंडळींना, तसंच प्रोजेक्ट गाइड सरांना एक विनंती. दरवर्षी तेच ट्रॅफिक सिग्नल आणि तेच लाइन फॉलोअर रोबोट बनवण्यापेक्षा सहा टॅबची एक चार्जिंग पेटी बनवू या: सोलरवर चालणारी, हवा खेळती असणारी, सुट्टी लागली की निम्म्या चार्जवर आपोआप थांबणारी. सर्किट फार अवघड नाही, मी आराखडा काढायला घेतलाय. पार्टनर हवेत. रूम नंबर नोटीस बोर्डावर लावतोच!