दुवा तुटतो कोठे?

आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, यांनी पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. निवृत्तीनंतर, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी धाकट्या सूनबाईच्या साह्याने संधिप्रकरणावर संगणकासाठी चोवीस धड्यांचा एक अभ्यासक्रम सिद्ध केला. धडा वाचावा, त्यातील दुवा दाबताच दादांच्या आवाजात उदाहरण ऐकावे, पुढील दुव्याने प्रश्न यावेत आणि त्यापुढील दुव्याने उत्तरे, अशी त्याची योजना होती. काम पुरे झाले तेव्हा दादा आम्हांस म्हणाले, "अरे, एकदा तुझ्या संगणकावर लावून बघ. माझ्याकडे चालतं, पण दुसरीकडे चालेल की नाही कोणास ठाऊक!" आम्ही त्यांच्याच खोलीत बसून चार दुवे दाबले आणि "उत्तम चालतंय की!" असे म्हणून मोकळे झालो. गतवर्षी दादा गेले. त्यांच्या त्या वाक्याची आठवण आम्हांस पुढे ज्या रीतीने झाली, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

कोकणात आमच्या कुलदैवताच्या गावी एक माध्यमिक शाळा आहे. तेथे इंटरनेट पावसाळ्यात बहुधा नसतेच आणि इतर ऋतूंत असून नसल्यासारखे असते. दादांचे धडे तेथील मुलांना द्यावेत अशी वहिनींची इच्छा. म्हणून सूनबाईने सर्व अभ्यासक्रमाचे एक गाठोडे, ज्याला झिप म्हणतात, पेनड्राइव्हवर बांधून दिले आणि ते घेऊन आम्ही दोघे गेलो. वर्गात मुले जमली, बाईंनी पहिला धडा उघडला, मुलांनी कौतुकाने माना हालविल्या. दुवा दाबला मात्र, आणि पडद्यावर 'फाइल सापडली नाही' असा निरोप आला. दुसरा दाबला, तोच निरोप. आमच्या मनात प्रथम काय आले असेल? "खेड्यातले जुने संगणक, दुसरे काय होणार?" सुदैवाने हे शब्द ओठांबाहेर पडले नाहीत.

पहिला उलगडा सूनबाईने केला. बाईंनी गाठोडे न सोडता त्यात नुसते डोकावून पान उघडले होते. असे केले असता तेवढेच पान तात्पुरत्या जागी काढले जाते आणि त्याचे सोबती आतच राहतात. पाणिनीच्या सूत्रांत मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात अनुवृत्तीने येते, म्हणून एकटे सूत्र उचलून वाचणारा फसतो, असे दादा नेहमी सांगत. येथेही तोच न्याय. गाठोडे एका फोल्डरात संपूर्ण सोडविल्यावर पहिले सहा धडे सुरळीत चालू लागले. सातव्याशी गाडी पुन्हा अडली.

पहिले सहा धडे सूनबाईने बांधले होते, पुढचे दादांनी स्वतः. दुव्यावर बाण नुसता नेला, दाबला नाही, तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्याचा पत्ता दिसतो. सातव्या धड्यातील पत्ता पाहताच सूनबाई म्हणाली, "काका, हा तर आपल्या घरचा पत्ता आहे!" आणि खरेच, त्यात आमच्या घरच्या संगणकातील 'सी' कप्प्याचे आणि दादांच्या फोल्डराचे नाव होते. 'माजघरात देवघराशेजारच्या फडताळात' असे सांगितले, तर बिऱ्हाड कोठेही हलले तरी वस्तू सापडते. पण जुन्या वाड्याचा घरक्रमांक लिहून ठेवला, तर वाडा पडल्यावर तो पत्ता कोणाच्या कामाचा? दुव्यांचेही असेच दोन प्रकार असतात. आपल्या पानापासून पुढची वाट सांगणारा सापेक्ष पत्ता फोल्डराबरोबर प्रवास करतो. कप्प्याच्या नावापासून आरंभ होणारा पूर्ण पत्ता घरीच राहतो. यातील खरी मेख अशी की, रचणाऱ्याच्या संगणकावर हा दोष कधीच दिसत नाही. तेथे तो पत्ता खराच असतो! दादांना नेमकी हीच शंका आली होती, आणि आम्ही मात्र त्यांच्याच खोलीत बसून निर्वाळा दिला होता.

असे अकरा दुवे सूनबाईने दुरुस्त केले. तरी काही हट्ट सोडीनात. पत्ता बरोबर, फाइल जागेवर, आणि निरोप तोच. आम्ही दोघे घामाघूम झालो असता, मागच्या बाकावरील नववीतील एक मुलगी फोल्डर आणि दुवा आलटून पालटून पाहत होती. ती भीतभीत म्हणाली, "आजोबा, फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं आहे आणि दुव्यात लहान आहे. त्यामुळे असेल का?" त्यामुळेच होते. आमच्या घरी विंडोज आहे. ती नावांतील इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे सामान्यतः एकच मानते. शाळेत लिनक्स होते. त्याच्या लेखी 'अ' आणि 'आ' जितके भिन्न, तितकी ती अक्षरे भिन्न. ज्या संगणकास आम्ही मनातल्या मनात जुनाट ठरविले, तो केवळ अधिक काटेकोर होता. असे चौदा दुवे निघाले, आणि ते त्या मुलीनेच एकेक करून शोधले. तिने बाईंना मागाहून विचारले, "मला वाटलं होतं, माझंच काही चुकतंय. म्हणून आधी बोलले नाही." हे ऐकून आम्हांस वाईट वाटले. दुवा तुटला म्हणजे केवळ पान अडत नाही. शिकणारे मूल तो दोष निमूटपणे आपल्या बुद्धीकडे घेते.

शेवटचे सहा दुवे बाहेरच्या स्थळांकडे जाणारे होते. तीन इंटरनेटच्या अभावी बंद. दोन पाने त्यांच्या मालकांनीच हलविलेली. आणि एक चलच्चित्र फ्लॅशमध्ये केलेले. त्या फ्लॅशला अडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस कायमची रजा दिली. १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्यात कोणीही कोणाची परवानगी न घेता दुवा जोडावा अशी मुभा आहे. त्यामुळेच ते जगभर पसरले. पण दुसऱ्या टोकाचा मनुष्य घर बदलताना आपणांस कळविण्यास बांधलेला नाही, ही त्या मुभेची किंमत होय. असे दुवे आम्ही काढून टाकले आणि त्यांतील आवश्यक तेवढा मजकूर सूनबाईने स्वतःच्या शब्दांत धड्यातच लिहिला.

ज्या घरांतून असे धडे रचले जातात, त्यांच्यासाठी चार गोष्टी नोंदवितो. फाइलींची नावे इंग्रजी लहान अक्षरांत व अंकांत ठेवावी, मध्ये मोकळी जागा सोडू नये. देवनागरी नावे जुन्या प्रकारच्या गाठोड्यातून कधी कधी विद्रूप होऊन बाहेर पडतात. पत्ते सापेक्ष असावेत आणि त्यांतील तिरपी रेघ पुढे झुकणारी असावी. काही पाने नुसती फाइल म्हणून उघडल्यास ब्राउझर सावधगिरीने त्यांस शेजारची माहिती वाचू देत नाही. अशांसाठी शाळेच्याच एका संगणकावर लहानसा सर्व्हर चालवावा, त्यास इंटरनेट लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याने रचले त्याच्याखेरीज दुसऱ्याने, दुसऱ्या घरी, इंटरनेट बंद करून प्रत्येक दुवा दाबून पाहावा.

हे शेवटचे काम दादांनी आमच्याकडे मागितले होते. त्याला एक दुपार पुरली असती, आणि ती आमच्यापाशी होती.

दिवेलागणीच्या सुमारास सातव्या धड्याचा दुवा उघडला आणि वर्गात दादांचा आवाज आला. उदाहरण सांगून झाल्यावर, जन्मभराच्या सवयीने, ते यंत्रालाही विचारते झाले, "समजलं का?"

घरी परतल्यावर सगळी हकीकत वहिनींना सांगितली. मोठी आणि लहान अक्षरे, वाड्याचा पत्ता, सारे त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्यांनी एवढेच विचारले, "भाऊजी, ते 'समजलं का' म्हणाले, तेव्हा मुलं काय म्हणाली?"

"सगळी एका सुरात 'हो' म्हणाली, वहिनी," आम्ही सांगितले. त्यांनी डोळ्यांस पदर लावला आणि दिवा लावण्यासाठी त्या देवघरात गेल्या.